विश्लेषण : एसीचे ‘आउटडोअर युनिट’ हलवले, तरी गोंगाट थांबतो का?

स्प्लिट एसी घेणाऱ्याची खोली गार होते आणि बऱ्यापैकी शांतही राहते, कारण आवाज करणारा भाग घराबाहेर टांगलेला असतो. पण दाट वस्तीत एकाच्या घराची बाहेरची भिंत म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिडकीसमोरची जागा असते. त्यातून ‘हे युनिट आमच्या गॅलरीजवळून हलवा’ ही मागणी सोसायट्यांच्या बैठकांत, शेजाऱ्यांच्या बोलाचालीत आणि कधी पोलीस ठाण्यातही पोहोचते. स्वतःच्याच गॅलरीत बसणे अशक्य झाले म्हणून युनिट दुसरीकडे नेणारेही आहेत. युनिट हलवणे हा वरकरणी सोपा उपाय वाटतो. प्रत्यक्षात तो कधी लागू पडतो, त्यात अडचणी कोणत्या आणि कायदा याबाबत काय म्हणतो, याविषयी...

हा प्रश्न आताच का वाढतो आहे?

एसी ही आता मूठभरांची चैन राहिलेली नाही. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’मध्ये देशातील शीतकरणाची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठ पट होईल, असा अंदाज मांडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कडक उन्हाळे, रात्रीचा उकाडा आणि हप्त्यांवर मिळणारी खरेदी यांमुळे पूर्वी एका इमारतीत चार-दोन दिसणारी युनिट्स आता मजल्यामजल्यावर दिसतात.

मात्र यातील बऱ्याच इमारती बांधल्या गेल्या तेव्हा आउटडोअर युनिटसाठी जागा ठेवण्याचा विचारच झाला नव्हता. मग ते कधी गॅलरीच्या कठड्याबाहेर, कधी छज्जावर, कधी दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळात, तर कधी शौचालयांच्या डक्टमध्ये बसवले जाते. जागा कोणती निवडायची, हे अनेकदा एसी बसवायला आलेला तंत्रज्ञ पाइप कमी लागेल आणि काम लवकर उरकेल या हिशेबाने ठरवतो. शेजाऱ्याच्या झोपेचा हिशेब त्यात नसतो.

आवाज नेमका कुठून येतो?

आउटडोअर युनिटमध्ये आवाजाचे तीन मुख्य स्रोत असतात. पहिला कॉम्प्रेसर. त्याचा आवाज घुमणारा, खालच्या पट्टीतला असतो. दुसरा पंखा. तो कॉइलमधून हवा ओढून बाहेर फेकतो, त्याचा घोंघाट सलग असतो. तिसरा स्रोत म्हणजे कंपने. ती ब्रॅकेटमधून भिंतीत आणि भिंतीतून आतल्या खोलीत उतरतात. हा तिसरा आवाज फसवा असतो. युनिट एका घराच्या भिंतीवर असते आणि घरघर वरच्या किंवा खालच्या मजल्यावरच्या पलंगाच्या उशाशी ऐकू येते. खिडकी बंद केली तरी तो थांबत नाही, कारण तो हवेतून येतच नाही.

म्हणून युनिट हलवण्याआधी आवाजाचे निदान होणे गरजेचे आहे. नवे असताना शांत असलेले युनिट दोन-तीन वर्षांनी खडखडू लागले, तर कारण बहुधा जागेत नसून यंत्रात असते. सैल झालेले स्क्रू, गंजलेले ब्रॅकेट, वाकलेले किंवा धुळीने जड झालेले पाते, कडक होऊन तडकलेले रबर पॅड, एकमेकांवर किंवा भिंतीवर घासणारे पाइप, झिजलेले बेअरिंग यांतील बहुतेक दोष सर्व्हिसिंगमध्ये दुरुस्त होतात. कॉइल धुळीने बुजली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवरचा ताण वाढतो आणि त्याचा आवाजही वाढतो.

यंत्राचा प्रकारही महत्त्वाचा. ठरावीक गतीचा जुना कॉम्प्रेसर बंद होतो आणि पुन्हा धक्क्याने सुरू होतो. शांत रात्री दर काही मिनिटांनी येणारा हा धक्का सलग आवाजापेक्षा जास्त झोपमोड करतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर खोली गार झाल्यावर गती कमी करतो, त्यामुळे रात्री त्याचा आवाज सहसा उतरतो. तापमान १८ अंशांवर लावून ठेवले, तर मात्र तोही बराच वेळ पूर्ण गतीने पळत राहतो.

जागा बदलल्याने किती फरक पडतो?

डेसिबलचे गणित नेहमीच्या बेरजेसारखे नसते. मोकळ्या जागेत यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. समजा, एका मीटरवर एखाद्या युनिटचा आवाज ५५ डेसिबल आहे. तो दोन मीटरवर ४९, चार मीटरवर ४३ आणि आठ मीटरवर ३७ डेसिबलच्या आसपास येईल. म्हणजे पहिले काही मीटर सर्वांत मोलाचे. गॅलरीच्या कठड्यावरून काढून चार मीटर लांब, कोपऱ्यापलीकडच्या भिंतीवर नेलेले युनिट खरोखर फरक घडवते. आधीच आठ मीटरवर असलेले युनिट आणखी दोन मीटर सरकवून फारसे काही साधत नाही.

हे गणित मोकळ्या जागेचे झाले. भिंतीला लागून असलेल्या स्रोताचा आवाज परावर्तनामुळे सुमारे ३ डेसिबलने आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात सुमारे ६ डेसिबलने वाढू शकतो. समोरासमोरच्या भिंती असलेल्या बोळात किंवा चारही बाजूंनी बंद डक्टमध्ये आवाज आपटत राहतो आणि वर-खाली सर्व मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत जातो. ‘कुणाला दिसू नये’ म्हणून डक्टमध्ये टाकलेले युनिट एका गॅलरीला दिलासा देते आणि आठ-दहा न्हाणीघरांना व शयनकक्षांना आवाज वाटून टाकते.

शिवाय युनिट्सची संख्या वाढते. सारख्या आवाजाची दोन युनिट्स एकत्र चालली तर ३ डेसिबलची भर पडते, चार चालली तर ६ आणि दहा चालली तर १० डेसिबलची. १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट आवाजासारखी वाटते. त्यामुळे एकट्याने नियम पाळला तरी दहा जणांचा मिळून गोंगाट होतोच. डक्टमध्ये उष्णतेचाही प्रश्न असतो. खालच्या युनिट्सनी फेकलेली गरम हवा वर चढते आणि वरच्या युनिट्सना तीच ओढावी लागते. त्यांची कार्यक्षमता घटते, वीजबिल वाढते आणि ती अधिक जोराने चालतात.

हलवण्याचे काम किती सोपे?

तंत्रज्ञाच्या दृष्टीने हे नेहमीचे काम आहे, पण घाईचे नाही. आधी यंत्र चालू ठेवून झडपा ठरावीक क्रमाने बंद करत पाइपमधला सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा केला जातो. याला ‘पंप डाउन’ म्हणतात. त्यानंतर पाइप सोडून युनिट नव्या जागी बसवतात, जोड घट्ट करतात, नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासतात, व्हॅक्यूम पंपाने पाइपमधली हवा व ओलावा काढतात आणि मगच गॅस पुन्हा सोडतात. व्हॅक्यूमचे काम टाळून गॅसनेच हवा हाकलण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे ओलावा आत राहतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी होते.

पाइपची लांबी हा दुसरा मुद्दा. एसीबरोबर साधारण तीन मीटरचा तांब्याचा पाइप मिळतो. किती लांबीपर्यंत आणि दोन युनिट्समध्ये किती उंचीपर्यंत फरक चालतो, हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्या मर्यादेत राहूनही लांबी वाढली की दर मीटरमागे ठरावीक ग्रॅम गॅस वाढवावा लागतो आणि गारव्याची क्षमता थोडी घटते. तोच पाइप वळणे घेत लांबवला आणि त्यावरचे इन्सुलेशन फाटले, तर भिंतीवर पाणी ठिबकते. म्हणजे आवाजाचा वाद मिटून ओलीचा वाद सुरू होतो.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. बाजारातील बऱ्याच नव्या एसींमध्ये आर-३२ हा गॅस असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे. काही एसींमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो पूर्ण ज्वलनशील आहे. गॅस उरलेल्या पाइपवर ज्योत लावणे त्यामुळे धोक्याचे. गॅस हवेत सोडून देणेही पर्यावरणाला महाग पडते. शंभर वर्षांच्या काळात आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट, तर आर-३२ सुमारे ६७५ पट तापमानवाढ घडवतो. शिवाय उंचावरच्या छज्जावर पट्टा न बांधता उतरणारा कामगार हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत दुर्लक्षित माणूस असतो. युनिट जिथे दुरुस्तीसाठी सुरक्षितपणे पोहोचता येत नाही, ती जागा कितीही शांत असली तरी योग्य नव्हे.

आवाज अडवण्यासाठी युनिटला पत्र्याच्या किंवा प्लायवूडच्या पेटीत कोंडणे हा उपाय उलटतो. गरम हवा आतच फिरत राहते आणि यंत्र अधिक धडपडते. आडोसा करायचाच असेल तर कंपनीने सांगितलेले मोकळे अंतर सर्व बाजूंनी सोडून आणि हवा बाहेर पडण्याची वाट खुली ठेवून करावा लागतो.

कायदा काय सांगतो?

पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ अंतर्गत केलेले ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे देशभर लागू आहेत. त्यानुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. व्यापारी क्षेत्रात ती अनुक्रमे ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ही मर्यादा परिसरातील एकूण आवाजाच्या सरासरीची आहे, एखाद्या यंत्राची नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाविषयीच्या निकालात, आपल्या घरात शांतपणे राहू इच्छिणाऱ्याला नकोसा आवाज घरात येण्यापासून रोखण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट करून तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. शेजाऱ्याच्या एसीबाबत तक्रार करणाऱ्याची तात्त्विक बाजू त्यामुळे भक्कम आहे. व्यवहारात मात्र तिला आधार शोधावा लागतो.

मग पोकळी कुठे आहे?

पहिली पोकळी तक्रारीच्या उंबरठ्याची. २००० च्या नियमांनुसार आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल, तर नागरिक तक्रार करू शकतो. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यासही तक्रार करता येते, पण त्या निर्बंधांचा रोख ध्वनिक्षेपक, वाद्ये, हॉर्न, फटाके आणि बांधकामाच्या यंत्रांवर आहे. म्हणजे निवासी भागात रात्री शेजारच्या युनिटमुळे गॅलरीत ५० डेसिबल भरत असतील, तर मर्यादा ओलांडलेली आहे, पण ५५चा उंबरठा गाठलेला नाही. एसीच्या तक्रारी नेमक्या याच पट्ट्यात अडकू शकतात.

दुसरी पोकळी यंत्राच्या मानकाची. पर्यावरण (संरक्षण) नियमांत घरगुती उपकरणांसाठी कारखान्यातच पाळायच्या आवाजाच्या मर्यादा दिल्या आहेत. तिथे एक ते दीड टनाच्या एसीसाठी ६८ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती ‘विंडो’ एसीसाठी. या मर्यादा १९९३च्या अखेरपर्यंत गाठायच्या होत्या. तेव्हा घरगुती बाजार विंडो एसीचा होता. आज भिंतींवर टांगलेल्या स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटचा त्या यादीत उल्लेख नाही.

तिसरी पोकळी माहितीची. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर वर्षाला लागणारी वीज, कार्यक्षमतेचा गुणांक आणि शीतकरण क्षमता दिसते. आउटडोअर युनिट किती आवाज करेल, हे दिसत नाही. जाहिरातींत ‘सायलेंट’ असे लिहिलेले असते तेव्हा सहसा खोलीतल्या युनिटचा आकडा दिलेला असतो. खरेदीदार स्वतःची शांतता तपासून घेतो. शेजाऱ्याच्या वाट्याला काय येणार, हे त्याला दुकानात कळण्याची सोय नाही.

चौथा मुद्दा मोजणीचा. नियमांतील डेसिबल माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार मोजले जातात. त्यात खालच्या पट्टीतल्या आवाजाला कमी वजन मिळते. कॉम्प्रेसरची घरघर नेमकी खालच्या पट्टीतली असते आणि बंद खिडकीतूनही आत येते. म्हणून मापकावर आकडा मर्यादेत दिसतो आणि तरीही झोप येत नाही, असे घडू शकते. मोबाइलवरील अॅपचा आकडा अंदाजासाठी ठीक, पुरावा म्हणून तो लंगडा.

तक्रार कुठे करायची?

पहिला टप्पा अर्थातच शेजारी आणि दुसरा सोसायटीची व्यवस्थापन समिती. इमारतीची बाहेरची भिंत, गच्ची, डक्ट या सामायिक जागा मानल्या जातात. तिथे काही बसवायचे किंवा हलवायचे तर समितीची परवानगी घेणे अपेक्षित असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींमध्ये इतर सभासदांना उपद्रव होईल असे वर्तन न करण्याची अट असते. अपार्टमेंट कायदा, १९७० खालील इमारतींत घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी पाहावे लागतात. संस्था आणि सभासद यांच्यातला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊ शकतो.

पोलिसांकडे ११२ क्रमांकावर तक्रार करता येते. पण भारतीय न्याय संहितेतील सार्वजनिक उपद्रवाचे कलम २७० किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी उपद्रव हटवण्याचा दिलेला आदेश, या दोन्हींसाठी त्रास सार्वजनिक स्वरूपाचा असावा लागतो. रेस्तराँ किंवा कार्यालयाच्या एसी यंत्रणेचा त्रास अख्ख्या इमारतीला होत असेल, तर हा मार्ग उपयोगी. एका घराच्या युनिटचा त्रास एकाच घराला होत असेल, तर तो खासगी उपद्रव ठरतो आणि मनाई हुकमासाठी दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. खटला निकाली निघेपर्यंत एसीचे आयुष्यच संपण्याची शक्यता अधिक!

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

युरोपीय संघाने २०१२ च्या नियमावलीद्वारे सहा किलोवॉटपर्यंतच्या एसीसाठी बाहेरच्या युनिटची ध्वनिशक्ती ६५ डेसिबल आणि त्यापुढे बारा किलोवॉटपर्यंत ७० डेसिबलवर मर्यादित केली. आपल्याकडचा दीड टनाचा एसी पहिल्या गटात येतो. हे यंत्राने फेकलेल्या एकूण ध्वनीचे माप असल्याने ते एका मीटरवर ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा जास्त दिसते. महत्त्वाचे म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही युनिट्सचे आकडे तिथल्या ऊर्जा लेबलवरच छापले जातात.

जर्मनीत सर्वसाधारण निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४०, तर केवळ निवासी भागासाठी ५० आणि ३५ डेसिबलची मर्यादा आहे. ती त्रास होणाऱ्या माणसाच्या उघड्या खिडकीबाहेर मोजतात आणि आवाजात एकसुरी घरघर असेल तर मोजलेल्या आकड्यात ३ किंवा ६ डेसिबल वाढवून धरतात. कॉम्प्रेसरचा आवाज आकड्यापेक्षा जास्त छळतो, हे तिथल्या नियमाने मान्य केले आहे.

तोडगा काय?

घराच्या पातळीवर क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व्हिसिंग, मग रबर पॅड व ब्रॅकेट बदलणे, त्यानंतर तापमानाची सवय आणि शेवटी जागा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. २४ ते २६ अंशांवर चालणारा इन्व्हर्टर एसी रात्री कमी गतीने चालतो, म्हणजे आवाजही कमी. एसीचे किमान तापमान २० अंशांवर ठेवण्याचा विचार केंद्राने जून २०२५ मध्ये बोलून दाखवला तेव्हा चर्चा विजेपुरती राहिली. त्याचा शेजाऱ्याच्या कानांशीही संबंध आहे.

जागा बदलायचीच असेल, तर कसोटी एकच असावी. नव्या जागेपासून सर्वांत जवळची झोपण्याची खिडकी कोणाची आणि किती अंतरावर? पंख्याचे तोंड रस्त्याकडे किंवा मोकळ्या आवाराकडे, भिंतींच्या कोपऱ्यापासून आणि डक्टपासून दूर, खाली कंपने शोषणारे पॅड, अशी जागा बहुतेक इमारतींत एखाद-दुसरीच असते. म्हणून ती प्रत्येकाने स्वतंत्रपणे शोधण्याऐवजी सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठरवून नकाशावर आखली, तर पुढच्या प्रत्येक नव्या एसीचा वाद टळतो. नव्या इमारतींत बांधकाम आराखड्यातच युनिटसाठी हवेशीर कट्टा आणि तिथवर पोहोचण्याची सुरक्षित वाट हवी.

धोरणाच्या पातळीवर मात्र दोन गोष्टी सरकारच करू शकते. स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी आवाजाची मर्यादा ठरवणे आणि तो आकडा ताऱ्यांच्या शेजारी लेबलवर छापणे. त्यांपैकी दुसरी गोष्ट स्वस्त आणि लवकर होण्याजोगी आहे. ती होत नाही तोवर गॅलरीतून हलवलेला गोंगाट इमारतीतच फिरत राहील आणि ज्याला सोसायटीत आवाज नाही, त्याच्या खिडकीशी जाऊन थांबेल.